दयाळाला मिळालेला वन्स मोअर

मुलांनो, ओढ्याकाठच्या एका राईत एक दयाळ पक्षी राहत असे. अंगाने मूठभर, पण गळा असा की तो गाऊ लागला म्हणजे ओढासुद्धा खळखळ थांबवून ऐके. निदान कावळा तरी तसे शपथेवर सांगतो. ओढ्याच्या बाजूला तोंड असलेल्या जांभळीच्या ढोलीत दयाळाची चार अंडी होती. सकाळी बायको किडे टिपायला गेली की ती येईपर्यंत राखण त्याच्याकडे. तेव्हा ढोलीच्या तोंडाशी बसून तो एक गाणे म्हणे. एकच.

पुढे शेजारच्या गावात नाटकाचा तंबू पडला आणि तिथल्या बांबूवर बसून कावळा एक नवा शब्द शिकून आला. "काय सांगू! राजा मरता मरता गायला. लोक ओरडले, 'वन्स मोअर!' तर मेलेला राजा उठला, धोतर झटकलं, पुन्हा गायला आणि पुन्हा मेला!"

"पण कावळेदादा, त्याचा अर्थ काय?" खारीने विचारले.

"सोपा आहे. आवडलं की ओरडायचं. मग गाणाऱ्याने पुन्हा गायलंच पाहिजे."

झाले! राईला वेडच लागले. "दयाळबुवा, वन्स मोअर!" सगळ्यांत मोठा आवाज मुंगसाचा. डोळे मिटून, शेपटीने ताल धरून ते ओरडे. दयाळालाही गोडी लागली. एकाची चार गाणी झाली. सगळ्यांना आपण दिसावे म्हणून तो ढोली सोडून थेट शेंड्यावर बसू लागला.

एका सकाळी असाच रंगात आलेला असताना त्याने खाली पाहिले. ओढ्याच्या बाजूने, पलीकडे बसलेल्या मंडळींना न दिसता, एक धामण खोडावर चढत ढोलीपाशी पोहोचली होती. "धावा! ढोलीत साप! मुंगूसराव, धावा!" भीतीने त्याचा सूर असा चढला, की तसा राईने कधी ऐकला नव्हता.

"अहाहा! राजाचं मरतानाचं पद अगदी असंच होतं," कावळा म्हणाला.

"वन्स मोअर!" मुंगूस डोळे न उघडताच ओरडले.

दयाळाने पुन्हा हाक मारली. पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्या हाकेला त्याचा गळा फाटला, तेव्हा तर सगळी राई ओरडली. मग त्याने स्वतःच दगडासारखी खोडामागे, ढोलीकडे झेप टाकली. बराच वेळ गाणे येईना, तेव्हा मंडळी बघायला गेली. धामण केव्हाच निघून गेली होती. मुंगसाने ढोलीत तोंड घातले. ढोली रिकामी होती. अजून उबदार होती.

"हाक मारायची ना, बुवा," मुंगूस पुटपुटले. "एका उडीत आलो असतो."

"तीनदा मारली," दयाळ म्हणाला. "तीनदा तुम्ही दाद दिलीत."

"पण तंबूतला राजा तर उठला होता..." कावळ्याचे वाक्य अर्धेच राहिले. ओढ्यावरून दयाळाची बायको परत येताना दिसली. इतकी ओरडणारी राई, पण तिला सांगायला कोणाचाच आवाज फुटेना.

त्या राईत दयाळ आजही गातो. एकच गाणे, ढोलीच्या तोंडाशी बसून. आणि ऐकताना मुंगूस डोळे मिटत नाही.

तात्पर्य : वाहवा करण्याआधी समोरचा गातो आहे की हाक मारतो आहे, ते डोळे उघडून पाहावे, आणि गाणाऱ्यानेही वाहवेपायी आपली राखण सोडू नये.