घामेजलेले राक्षस

एकदा एका बाजारपेठेच्या गावात एक वृद्धा राहत होती आणि तिच्या घरात राक्षस होते. हसू नका. बोटाच्या पेराएवढे, मऊ रबराचे, रंगीबेरंगी राक्षस. फार वर्षांपूर्वी गोळ्या-चॉकलेटांच्या एका कंपनीने आपल्या प्रत्येक डबीत असा एकेक राक्षस घातला होता. कुणाला तीन डोळे, कुणाच्या शेपटीलाच तोंड, कुणाचं पोट गुडघ्यापर्यंत. मुलं गोळी कशीतरी चघळून संपवत आणि राक्षस ठेवून घेत. ते पाहून कंपनीने त्याच राक्षसांची चित्रं असलेले कंपास काढले, पाण्याच्या बाटल्या काढल्या, पत्ते, बिल्ले, इतकंच काय, साबणाच्या डब्याही काढल्या. पुढे कंपनी बुडाली, मुलं मोठी झाली, राक्षस माळ्यावर गेले. जगाने ज्याला अडगळ म्हटलं ते या वृद्धेने घरोघर फिरून गोळा केलं. कुणी नाक मुरडून विचारी, "या वयात खेळणी?" तर ती म्हणे, "तुम्ही या वयात भांडणं गोळा करता. माझं बरं."

सगळे तिला बाई म्हणत. अस्सल राक्षस कोणता आणि नंतर कुणी साच्यातून काढलेली नक्कल कोणती, जुना रंग कसा ओळखावा, मळ कसा काढावा, हे शिकायला दुरून माणसं तिच्याकडे येत. त्यांत श्रीरंग नावाचा एक शिष्य होता. गावातच त्याचं कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, फण्या, रिबिनी विकायच्या आणि संध्याकाळी बाईंच्या ओसरीवर येऊन बसायचं, असा त्याचा क्रम. त्याच्या हाताला कौशल्य होतं आणि नजर तर अशी, की राक्षसाच्या पाठीवरची शिवण पाहून तो कोणत्या खेपेतला ते सांगे. परंतु त्याच्या मनात एक भय होतं. लहानपणी त्याच्याकडे एकच राक्षस होता आणि वर्गातल्या पोरांनी तो हिसकावून शाळेच्या कौलांवर भिरकावला होता. माणूस मोठा होतो, दुकान काढतो, लग्न करतो. पण आतलं पोर कौलांकडे बघत उभंच असतं.

वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर श्रीरंगचा संच पूर्ण झाला. एकूण एक राक्षस, आणि त्यांच्यासोबत निघालेल्या बहुतेक साऱ्या वस्तू. बाईंनी पाठीवर थाप मारली. म्हणाल्या, "आता खरी परीक्षा." त्याला वाटलं, बाई चोराचिलटांबद्दल बोलताहेत. त्याने गावातल्या उत्तम सुताराकडून सागवानी कपाट करवून घेतलं. पुढे जाड काच, दाराच्या कडांना रबरी पट्टी, पट्टीवर आणखी काचा बसवायची लांबी भरलेली. मुंगी शिरणार नाही, धूळ शिरणार नाही, वाराही शिरणार नाही. कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. बाईंच्या ओसरीवर जाणंही हळूहळू बंद झालं. शिकायचं ते शिकून झालं होतं, आता राखायचं होतं.

काही महिने बरे गेले. मग एके सकाळी श्रीरंगला काचेतून दिसलं, की जांभळा ढेरपोट्या चकाकतो आहे. जवळ जाऊन पाहिलं तर चकाकी नव्हे, चिकटा होता. अंगावर तेलकट थेंब. राक्षसाला घाम फुटला होता.

श्रीरंगला एकच सुचलं. कुणीतरी हात लावला! तेलकट हात! घरात माणसं किती? दोन. एक तो स्वतः.

"मृदुला, तू कपाट उघडलंस?"

त्याची बायको वेणी घालत होती. "किल्ली तुमच्या कमरेला. मी काय तुम्ही झोपलात की करगोटा सोडते?"

"डोक्याला तेल लावतेस त्याच हाताने..."

"अहो, तुमच्या राक्षसांना हात लावायला मला वेड लागलंय? घरात एक आहे तेवढा पुरे!"

एरवी या वाक्यावर तो हसला असता. आता हसला नाही. त्याने कुलूप बदललं. फटींत आणखी लांबी भरली. तरी आठ-दहा दिवसांत तीनडोळ्या घामेजला, मग शेपटतोंड्या. जितका घाम वाढे तितकं श्रीरंग कपाट घट्ट करी. जितकं घट्ट करी तितका घाम वाढे. त्याने मृदुलाला त्या खोलीत केर काढायला मना केलं. मग तिच्या मैत्रिणींना घरी यायला मना केलं. जेवताना तो तिच्या बोटांकडे बघे. अशा नजरेखाली माणसाला घास कसा गिळवतो, हे ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. मृदुला आधी भांडली, मग बोलायची थांबली, आणि बोलायची थांबली तेव्हाच खरं घाबरायला हवं होतं. पण श्रीरंगला राक्षसांच्या घामापुढे दुसरं काही दिसत नव्हतं.

एके दिवशी ती म्हणाली, "मी भावाकडे जाते थोडे दिवस. किती ते विचारू नका." आणि तिने बॅग काढून दाराशी ठेवली.

नेमके त्याच दुपारी पाहुणे यायचे होते. पूर्ण झालेला संच पाहायला गावोगावच्या छांदिष्टांना श्रीरंगने फार आधी बोलावून ठेवलं होतं आणि आता नको म्हणणं लाजिरवाणं होतं. मृदुला म्हणाली, "चहा करून जाईन. येणाऱ्यांचा काय दोष?" पाहुणे आले. बाईही आल्या, काठी टेकत, खांद्याला कापडी पिशवी. मंडळी कपाटासमोर उभी राहून वाहवा करू लागली. काचेमागे राक्षस चमकत होते. एकजण म्हणाला, "काय पॉलिश केलंय हो! नवे दिसतात." श्रीरंगने मान खाली घातली.

काचेला नाक लावून बाईंनी बराच वेळ पाहिलं. मग श्रीरंगकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभ्या असलेल्या मृदुलाकडे, आणि बाहेरच्या दाराशी ठेवलेल्या बॅगेकडेही.

"दार उघड," बाई म्हणाल्या.

"बाई, माफ करा. आणखी हवा लागली तर..."

"बरं. मग कपाट भिंतीपासून पुढे ओढ."

त्याला वाटलं, त्यांना पाठीमागचं सुतारकाम पाहायचं असेल. दोघा-तिघांनी मिळून कपाट ओढलं. बाईंनी पिशवीतून गिरमिट काढलं, ते हाताने फिरवून लाकडाला भोक पाडायचं जुनं हत्यार, आणि टोक त्या सागवानी पाठीवर ठेवून सरळ फिरवायला लागल्या.

"बाई! अहो, काय करताय!"

"दिसत नाही? भोक पाडतेय."

"सागवान आहे ते! सबंध वर्षाची..."

"तुझं कौतुक करायला बोलावलंस ना? हे माझं कौतुक. हात बाजूला घे, टोचेल."

कुणाची अडवायची छाती झाली नाही. भुसा खाली पडत राहिला. म्हाताऱ्या हाताला दम लागे, बाई थांबत, पुन्हा फिरवत. एक भोक झालं. त्यांनी दुसरं पाडलं, वरच्या बाजूला आणखी एक. आणि मग त्या भोकांतून वास बाहेर आला. आंबूस, गोडसर, पावसाळाभर घडी करून ठेवलेल्या रेनकोटसारखा, पण त्याहून कडक. पुढे उभ्या असलेल्या पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला. श्रीरंगच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते वासानेही असेल.

"आता उघड," बाई म्हणाल्या.

त्याने करगोट्याची किल्ली सोडली. लांबी सुरीने खरवडावी लागली. बाईंनी एक हिरवा राक्षस उचलायला हात घातला, तर तो उचलेचना. ज्या कंपासपेटीच्या झाकणावर श्रीरंगने त्याला हौसेने उभा केला होता, त्या झाकणात त्याची पावलं रुतली होती. हलक्या हाताने सोडवला तेव्हा टणक प्लास्टिकवर दोन लहान खळगे राहिले.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

श्रीरंगने त्या खळग्यांवरून बोट फिरवलं.

"सांग ना. कुणाच्या तेलकट हाताने केलं? बंद कपाटात कोण शिरलं होतं?"

"कोणी नाही, बाई."

तेव्हा बाई खुर्चीवर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हे रबर मऊ का असतं? त्याच्या अंगात तेल मिसळलेलं असतं म्हणून. ते तेल थोडंथोडं बाहेर येतच असतं आणि त्याबरोबर एक वाफही निघत असते. मोकळ्या जागी वाफ उडून जाते, तेल आपण अधूनमधून पुसतो, आणि राक्षस आपल्याहून जास्त जगतो. कोंडलं, की वाफेला जागा नाही. ती त्याच्याच अंगावर बसते, शेजाऱ्याच्या अंगावर बसते आणि सगळ्यांना मिळून खाते. मी तुला धूळ टाळायला शिकवलं, ऊन टाळायला शिकवलं. वारा टाळ असं कधी म्हटलं होतं? तुझ्या राक्षसांना कुणाचा हात बाधला नाही, श्रीरंग. त्यांना त्यांचाच कोंडलेला श्वास बाधला. आणि तू चोर बाहेर शोधत बसलास."

थोडं थांबून त्या म्हणाल्या, "राक्षसांचं मला कळतं तेवढं सांगितलं. बाकी घराचं तू पाहा."

ज्या नजरेने तो पाठीवरची शिवण ओळखत असे, त्या नजरेने श्रीरंगने गेले महिने पहिल्यांदा धड पाहिले: नवं कुलूप, बंद झालेल्या मैत्रिणी, ताटावरची ती बोटं. वास अजून जात नव्हता.

"वाचतील का, बाई?" त्याने विचारलं.

"चार-सहा गेले, ते गेले. त्यांच्यासाठी रडून घे. बाकीच्यांना कोमट पाण्यात साबण घालून एकेकाला मऊ फडक्याने पूस, सावलीत वाळव, एकमेकांना टेकवून ठेवू नकोस आणि टणक प्लास्टिकवर तर मुळीच नाही. दर महिन्याला हातात घेऊन पाहा. वाचतील."

पाहुण्यांनी चहा घेतला आणि ते उगाच फार बोलत निघून गेले, जशी माणसं कुणाच्या घरातलं काहीतरी नको ते पाहिल्यावर बोलतात. बाई सर्वांत शेवटी उठल्या. जाताना मृदुलाला म्हणाल्या, "चहा झकास होता गं. आलं ताजं दिसतंय."

श्रीरंगने खोलीच्या खिडक्या उघडल्या. परातीत कोमट पाणी घेतलं, जमिनीवर जुनं धोतर पसरलं आणि ढेरपोट्याला पाण्यात सोडलं. मृदुला बॅगेपाशी उभी होती. त्याने वर न पाहता म्हटलं, "मी तुझ्यावर उगाच संशय घेतला. तुझ्या हातांवर." माफीचे शब्द लांबलचक असतात असं त्याला वाटलं होतं. ते तेवढेच निघाले.

मृदुला येऊन समोर बसली आणि तिने तळहात पुढे केला. श्रीरंग त्या हाताकडे पाहत राहिला. नंतर त्याने पुसलेला ढेरपोट्या त्यावर ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिने तो उलटासुलटा करून पाहिला, उजेडात धरला.

"अहो, याचं नाव काय?"

"ढेरपोट्या."

"खोटं. हे तुमचे जगन्नाथकाका. लग्नात मानपानावरून रुसून असेच उभे होते, पोट पुढे काढून."

श्रीरंगने पाहिलं. खरंच, तेच ते पोट. तो हसला, मग आणखी हसला, इतका की परातीतलं पाणी सांडलं आणि मृदुलालाही हसू आवरेना.

"सरका तिकडे," पदर खोचत ती म्हणाली. "भावाला फोन करून सांगते, या महिन्यात जमायचं नाही. एवढ्या राक्षसांना न्हाऊ घालायचं म्हणजे काय थोडं काम आहे?"

ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्या दाराला कुलूप घालण्याआधी, आत वारा येतो का, एवढं पाहून घ्यावं.