दार आणि सही

“पण दार होतं ना, बाबा? मग मी खोटं काय लिहिलं?”

वृषाली नेर्लेकर टेकडीच्या पायऱ्या चढून आली होती. दम घ्यायच्या आधीच तिने विचारलं. कोंबड्यांची डॉक्टर. अंड्यांच्या खोक्यावर ‘मुक्त संचार’, म्हणजे मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी, असं छापायचं की नाही, हे तिच्या सहीवर ठरायचं. नियमांच्या बाबतीत तिचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता, आणि ते ती कुणाला विसरूही देत नसे.

दावलबाबा दर्ग्याच्या ओट्यावर ज्वारी पाखडत होते.

“नियम काय म्हणतो?”

“शेडला बाहेर उघडणारं दार हवं. बाहेर मोकळी जागा हवी. दोन्ही मोजलं. सही केली.”

“मग?”

“परवा परत गेले...” तिचा आवाज उतरला. “दार सताड उघडं होतं. पण बाहेर गुडघाभर गवत. कोंबड्या फिरल्या असत्या तर काडी उरली नसती. चार हजार होत्या, बाबा. वर्षभरात एकही बाहेर आली नसणार.”

“सही करायच्या आधी बघायला थांबली नव्हतीस?”

“दुसऱ्या शेडला जायचं होतं.”

“आता कुठं आहेत त्या?”

“...विकल्या. अंडी कमी झाली की विकतात.”

बाबांनी सूप बाजूला ठेवलं.

या दर्ग्यात नवसाची कोंबडी कापत नाहीत, सोडून देतात. त्या सगळ्या बाबाच सांभाळतात. ते उठून कोपऱ्यातल्या खुराड्यापाशी गेले. दार उघडंच होतं. आत एक पांढरी कोंबडी, शेडात कापतात तसं चोचीचं टोक कापलेलं. अशाच कुठल्यातरी शेडातून विकली गेलेली, कुणीतरी नवसाला आणलेली.

बाबांनी मूठभर ज्वारी बाहेर फेकली. अंगणातल्या कोंबड्या धावत आल्या. पांढरीने मान बाहेर काढली... आणि आत घेतली.

“पाच दिवस झाले दार उघडून,” बाबा म्हणाले. “बस इथं.”

वृषाली बसली. ऊन डोक्यावर आलं. अंगणातली ज्वारी संपली. तिला फार वाईट वाटत होतं, आणि त्या वाटण्याचा चार हजारांतल्या एकीलाही काही उपयोग नाही, हेही कळत होतं.

पांढरी जागची हलली नाही.

“अजून किती वेळ बसू, बाबा?”

बाबांनी सूप उचललं.

“तिथं बसली नाहीस, तेवढा.”