उखळात कुटलेली चंदी

पूर्वी वेत्रवती नदीच्या काठी अंजनपुरात राजा विजितसेनाचे वडील राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्यांच्या पागेत मंगलअश्व म्हणून जन्माला आला होता. मंगलअश्व म्हणजे राजाने स्वतः बसायचा घोडा. त्याची जागा पागेत सर्वांत पुढे असे आणि तो तिथे असेपर्यंत दुसरा घोडा त्या खुंट्याला बांधला जात नसे.

त्याची निगा राखायला खेमक नावाचा मोतद्दार होता. काय ते दिवस होते! सकाळी अंग चकचकीत होईपर्यंत खरारा, मग एकेक पाय उचलून खुरातले खडे काढायचे. घोडा दौडून आला की छाती निवेपर्यंत त्याला हळूहळू फिरवायचे, मग पाणी, मग गवत, आणि चंदी सर्वांत शेवटी. चंदी म्हणजे भिजवलेले हरभरे. मूठभर हरभरे खेमक आधी हुंगून बघे, दोन दाणे स्वतः चावे आणि मगच दाण्याचा तोबरा घोड्याच्या तोंडाला बांधे. घामेजल्या घोड्यापुढे कोणी दाणा ठेवलाच, तर हा एरवी गरीब स्वभावाचा माणूस त्याच्या अंगावर धावून जाई. “उद्या पोटात कळ येऊन तो लोळायला लागला, तर तू लोळणार आहेस का त्याच्याबरोबर?” असे विचारी.

विजितसेन तेव्हा राजकुमार होता. तोही रोज पागेत येई आणि तळहातावर गवत धरून या घोड्याला भरवी. घोडा ओठांनीच गवत उचली, हाताला दात लागू देत नसे. पुढे राजकुमार राजा झाला आणि पागेत येण्याची त्याला सवड उरली नाही. माणसे मोठी होताना असे बरेच काही मागे राहून जाते, त्याचे वाईट वाटते.

वर्षे गेली आणि घोडा म्हातारा झाला. त्याच्या दाढा झिजल्या, काही पडल्या. गवत तोंडात घोळवून घोळवून तो शेवटी त्याचा ओला बोळा खाली टाकी. खेमक ते बोळे गुपचूप उचलून उकिरड्यावर नेई, कारण त्या राज्यात एक प्रथा होती. दात गेलेल्या मंगलअश्वाला हार घालून, वाजतगाजत नदीपार रानात सोडून देत. या प्रथेला ‘मुक्ती’ म्हणत. नाव झकास होते, पण त्या रानात कुसळी गवताशिवाय काही उगवत नव्हते.

खेमकाने तोड काढली. घोड्याची चंदी तो पोत्यात घालून घरी नेई. त्याची बायको उप्पला ते हरभरे उखळात कुटे, त्यात जव आणि कोंडा घालून मऊ शिजवी. ते निववून खेमक अंगरख्याखाली झाकून आणी. घोडा ते खाई. पण असे लपवून आणणार तरी किती? घोडा रोडावत चालला, त्याच्या फासळ्या दिसू लागल्या.

पागेच्या प्रमुखाने दोनच गोष्टी पाहिल्या. घोडा वाळतो आहे आणि चंदी मोतद्दाराच्या घरी जाते आहे. त्याने राजाला कळवले. मंगलअश्वाच्या तोंडचा घास चोरणाऱ्याचे दोन्ही हात तोडावेत, असा कायदा होता. खेमकाला पागेच्या अंगणातच उभे केले गेले. राजा स्वतः आला.

“चंदी घरी नेलीस?”

“नेली, महाराज.”

“कोणासाठी?”

 नवऱ्यामागे धावत आलेली उप्पला खेमकाजवळ सरकून कुजबुजली, “सांगून टाका की हो! हात जातील तुमचे.”

“सांगितलं तर त्याला नदीपार सोडतील. तिथलं गवत तो चावणार कशानं?”

घोड्याचे कान तिखट असतात. बोधिसत्त्वाने हे ऐकले. या हातांनी आयुष्यभर आपल्याला चारले, आणि आपल्या जागेपायी तेच हात तुटणार, हे त्याला सहन होईना. तो खुंट्यापाशी उभा राहून खिंकाळू लागला. राजा त्याच्याकडे गेला आणि का कोण जाणे, लहानपणासारखे त्याने तळहातावर गवत धरले.

घोड्याने ते ओठांनी उचलले. बराच वेळ घोळवले. मग मान खाली करून ओला बोळा राजाच्या तळहातावर ठेवला.

राजा त्या बोळ्याकडे बघत राहिला. गवताची एकही काडी तुटलेली नव्हती.

तेव्हा बोधिसत्त्व मनुष्यवाणीने बोलला, “महाराज, माझ्या दाढा गेल्या. चंदी माझ्यासाठीच कुटली जात होती. याचे हात राहू द्या आणि माझी जागा काढून घ्या.”

राजाच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने खेमकाला सोडले. पण प्रथा वाडवडिलांची होती, ती मोडायचे धाडस त्याला त्या क्षणी झाले नाही. घोड्याला हार घातले गेले, ढोल वाजले, मिरवणूक नदीवर पोचली. तिथे नावेत खेमक आणि उप्पला आधीच बसलेले होते. दोघांच्या मध्ये उखळ होते.

त्या उखळाकडे पाहून राजा इतका शरमला की त्याने ढोल थांबवले. त्याच दिवसापासून नदीपार चंदी जाऊ लागली. तिथे निवारा बांधला गेला आणि पुढे पागेतला प्रत्येक म्हातारा घोडा तिथेच, मऊ चंदी खात, सुखाने मेला. राजा सवड काढून तिथे जाई आणि तळहातावर कालवलेले जव धरी.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भद्दक नावाच्या भिक्षूमुळे सांगितली. भद्दक कोष्ट्याच्या घरचा, त्याने उभ्या जन्मात घोड्याचा लगाम धरला नव्हता. एकदा विहाराबाहेर व्यापाऱ्यांचा तांडा उतरला आणि त्यांच्या घोड्यांसाठी भिजवलेल्या हरभऱ्यांचा वास आत आला. भद्दक दारात उभा राहून रडू लागला. भिक्षू हसले. एकाने तर विचारले, “का रे, पागेत नोकरी धरतोस की काय?”

“मला काही कळत नाही,” भद्दक म्हणाला. “चुलीवरचं उतू जाईल, कोणीतरी उपाशी वाट बघतंय, लवकर जायला हवं, असं वाटतं.”

कथा संपवून शास्ते म्हणाले, “तेव्हाचा राजा म्हणजे आजचे आपले ज्येष्ठ भिक्षू, स्थविर उपसीम. पागेचा प्रमुख तो, जो आज सर्वांत मोठ्याने हसला. उप्पला ही रोज आपल्याला पेज आणणारी उपासिका. खेमक हा भद्दक, आणि तो घोडा मीच.”

मग ते भद्दकाकडे वळले. “भद्दका, काही उतू गेलं नाही. मी पोटभर जेवलो.”

त्या जन्मी बोधिसत्त्वाने सत्याची पारमिता, म्हणजे सत्य पूर्णत्वाला नेणारे व्रत, पाळली, असे स्थविर सांगतात. भद्दक मात्र तिला कृतज्ञता म्हणत असे.