पलीकडचा वणवा

फार जुनी गोष्ट, रानांना नुकतीच नावं पडत होती तेव्हाची. ओढ्याकाठच्या पळसावरून साळुंकी रोज सकाळी बातम्या द्यायची, "आज आपल्या रानात ऊन! आपल्या रानात गार वारा!" ओढ्यापलीकडचं ती कधी सांगतच नसे. त्यामुळे तिकडेही कोणी राहतं, हे अलीकडचे विसरूनच गेले होते.

एका उन्हाळ्यात ती ओरडली, "वणवा पलीकडे! आपल्या रानात सगळं ठीक!"

"मग आपल्याला काय त्याचं?" म्हणत ससा पुन्हा लवंडला.

चंदी रानडुकरीण मात्र भडकली. "अरे, वारा तिकडूनच येतोय! कोरडा ओढा ओलांडायला ठिणगीला कितीसा वेळ?" आणि ती तशीच पलीकडे धावली. तिथे तिच्यासारख्याच डुकरिणी नाकाडानं गवत उपटून जमीन उघडी करत होत्या. "सरका गं जरा," म्हणत चंदीही कामाला भिडली. तिला पाहून अलीकडचे सगळे आले, ससासुद्धा. उघड्या मातीच्या त्या रुंद पट्ट्यापर्यंत वणवा गर्जत आला आणि खायला काही न मिळून तिथेच विझला.

दुसऱ्या सकाळी साळुंकीनं सवयीनं पुकारलं, "आपल्या रानानं वणवा विझवला!"

आणि पहिल्यांदाच तिच्या बातमीला ओढ्याच्या दोन्ही काठांवरून आरोळी आली.