फुकटच्या सल्ल्याचा दम

वाचनालयातले संगणक जुने झाले होते. नवी सिस्टीम त्यांना पेलवत नव्हती आणि जुन्या सिस्टीमकडे तिच्या कंपनीने पाठ फिरवली होती. पण गावातल्या मुली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास त्यांच्यावरच करायच्या. म्हणून ग्रंथपाल वासंतीबाई करंबेळकरांनी बैठकीत उपाय मांडला.

"यांच्यावर त्या सिस्टीमऐवजी लिनक्स टाकू. ते फुकट मिळतं, जुन्या संगणकावरही झरझर चालतं आणि नवख्यालाही चटकन जमतं. मी घरी तेच वापरते."

"फुकट?" अध्यक्ष दादासाहेब राजेशिर्क्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बाई, जग पाहिलंय मी. जे फुकट मिळतं, त्यात दम नसतो! माझा सल्ला ऐका, हे डबे भंगारात काढा."

दादासाहेबांपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता मुलींनी जायचं कुठे, हा प्रश्न वासंतीबाईंपुढे होता, पण आवाज त्यांनी मऊच ठेवला.

"दादासाहेब, या सल्ल्याचे आपण वाचनालयाकडून काय घेणार?"

"छे, छे! संस्थेचा पैसा मला वर्ज्य. सल्ला अगदी फुकट!"

"मग त्यात दम किती धरायचा?"

खजिनदार फिसकन हसले आणि पाठोपाठ सगळी बैठक हसली. दादासाहेब आधी गोरेमोरे झाले, पण शेवटी त्यांनाही हसू आवरेना.

"टाका बाई तुमचं लिनक्स!" ते म्हणाले. "आणि या सल्ल्याचा मात्र मी एक कप चहा घेणार."

वासंतीबाईंनी तिथल्या तिथे आल्याचा चहा मागवला आणि सल्ला पक्का करून टाकला.