माळिणीचं निळं बेट

बर्फाचे डोंगर जिथं संपतात, तिथल्या एका गावात फार पूर्वी एक माळीण राहत होती. तिच्या बागेत सैबेरियन आयरिसचं मोठं बेट होतं. गवतासारखी उंच पानं, आणि उन्हाळा लागला की वर निळी फुलं. ते तिच्या आईनं लावलेलं. आई गेली, बेट राहिलं, म्हणून माळीण त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपायची.

त्या गावची रीत अशी, की मुलगी सासरी निघाली की आईनं आपल्या बेटाचा तुकडा कापून तिच्या ओटीत घालायचा. माळिणीच्या लेकीचं लग्न ठरलं आणि माळिणीची पाचावर धारण बसली. कारण बेटाला आधीच काहीतरी झालं होतं. दर वर्षी फुलं कमी होत होती, मधोमध टक्कल पडत चाललं होतं. शेणखत झालं, पाणी झालं, नवससुद्धा बोलून झाला, पण टक्कल वाढतच गेलं. अशा आजारी झाडावर कोयता चालवायचा? आणि मेलं तर?

मग सबबी सुरू झाल्या. त्यात बाई पटाईत. आज काय अमावस्या, उद्या काय ऊन फार, परवा माती ओली. निघायच्या आदल्या दिवशी मात्र लेक म्हणाली, "आई, मी रिकाम्या ओटीनं गेले, तर तिथं म्हणतील, हिला माहेरच नाही."

माळीण कुदळ घेऊन उठली. हात इतके थरथरत होते, की पहिला घाव दगडावरच बसला.

शेवटी बेट मुळासकट वर आलं, आणि माळिणीनं मधली माती हातानं उकरून पाहिली. मधे कंद नव्हताच. नुसती काळी, कुजकी माती होती. आईनं लावलेला कंद केव्हाच संपला होता आणि ती इतकी वर्षं त्या पोकळीलाच पाणी घालत होती. जिवंत कोंब सगळे कडेला होते, एकमेकांना रेटत बाहेर सरकलेले.

तिनं ते कापून वेगळे केले. अर्धे ओल्या गोणपाटात गुंडाळून लेकीच्या ओटीत घातले, अर्धे मोकळ्या मातीत लावले.

पुढच्या उन्हाळ्यात एकही फूल आलं नाही. लेकीकडूनही तोच निरोप, नुसती पानं. माळीण रोज वाफ्याशी जाऊन बसायची. आपणच आईचं झाड मारलं, असं म्हणून रडायची.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात वाफा निळा झाला. लेकीचं अंगणही. थोड्या वर्षांनी लेकीनं विचारून पाठवलं, की शेजारच्या पोरक्या मुलीची पाठवणी आहे, तिला तुकडा द्यावासा वाटतो, पण हात धजत नाही, काय करू?

माळिणीनं उलट निरोप धाडला, "हात थरथरू दे. पण काप."

तात्पर्य: नुसतं कवटाळून ठेवलेलं आतून पोकळ होतं, वाटून दिलेलंच पुढं फुलतं.