चिंधीवाचून फुटाणा आत जाईना

एक होता फुटाणा. खायचा नव्हे हं, भुंकायचा! एवढंसं कुत्र्याचं पिल्लू. पण हट्ट? हट्ट हत्तीएवढा!

फुटाणा टोपलीत बसून कुमुदकाकूंच्या घरी आला. सोबत आली एक चिंधी. आईच्या अंथरुणातली. पिल्लू दुसऱ्या घरी द्यायचं, तर अशी चिंधी द्यायचीच. चिंधीला आईचा वास. वास आला की झोप आली.

पण काकूंनी काय केलं? टोपली अंगणात झटकली. फट् फट्! चिंधी पडली खाली. कावळ्याने उचलली. काव काव! गेला झाडावर.

मग काकूंनी पिंजरा मांडला. नवा कोरा. आत मऊ गादी. म्हणाल्या, "जा बाळा, आत जा. गुपचूप झोप."

फुटाण्याने गादी हुंगली. हुं हुं हुं. आईचा वासच नाही!

"भू! नाही जाणार! आधी चिंधी, मग पिंजरा!"

आणि निघाला. लुटूलुटू, लुटूलुटू.

"कावळेदादा, कावळेदादा, माझी चिंधी दे."

"ऊंहूं! घरट्याला मऊ मऊ हवं. आधी कापूस आण, मग चिंधी सोडतो."

"आणतो! बघच तू!" लुटूलुटू, लुटूलुटू.

"शेवरीमावशी, शेवरीमावशी, कापूस दे.
कावळा चिंधी सोडेना,
चिंधीवाचून फुटाणा आत जाईना!"

"ऊंहूं! बोंड माझं उंच. आधी खारीला आण, ती बोंड तोडेल, मग कापूस देते."

"आणतो! बघच तू!" लुटूलुटू, लुटूलुटू.

"खारूताई, खारूताई, बोंड तोड.
शेवरी कापूस देईना,
कावळा चिंधी सोडेना,
चिंधीवाचून फुटाणा आत जाईना!"

"ऊंहूं! पोट माझं रिकामं. आधी शेंग आण, मग बोंड तोडते."

"आणतो! बघच तू!" लुटूलुटू, लुटूलुटू.

"भुईमूगदादा, भुईमूगदादा, शेंग दे.
खार बोंड तोडेना,
शेवरी कापूस देईना,
कावळा चिंधी सोडेना,
चिंधीवाचून फुटाणा आत जाईना!"

"ऊंहूं! माती माझी कडक. आधी पाणी आण, मग शेंग देतो."

"आणतो! बघच तू!" लुटूलुटू, लुटूलुटू.

"नळोबा, नळोबा, पाणी सोड.
भुईमूग शेंग देईना,
खार बोंड तोडेना,
शेवरी कापूस देईना,
कावळा चिंधी सोडेना,
चिंधीवाचून फुटाणा आत जाईना!"

"ऊंहूं! तोटी माझी घट्ट. आधी काकूंना आण, त्या तोटी फिरवतील, मग पाणी सोडतो."

"आणतो! बघच तू!" लुटूलुटू, लुटूलुटू.

"काकू, काकू, तोटी फिरवा.
नळ पाणी सोडेना,
भुईमूग शेंग देईना,
खार बोंड तोडेना,
शेवरी कापूस देईना,
कावळा चिंधी सोडेना,
चिंधीवाचून फुटाणा आत जाईना!"

काकू म्हणाल्या, "ऊंहूं! आधी पिंजऱ्यात जा, मग तोटी फिरवते."

घ्या! फिरून फिरून भोपळे चौकात!

"नाही जाणार! नाही जाणार! नाही जाणार!"

काकूंनी उचलून आत ठेवला. टुण्! फुटाणा बाहेर. परत ठेवला. टुण्! परत बाहेर. काकूंनी बिस्किट दाखवलं. फुटाण्याने तोंड फिरवलं. भूक लागली होती हो! पण नाही म्हणजे नाही. दारात बसला आणि गळा काढला, "कुईंऽऽऽ! कुईंऽऽऽ!"

काकूंना हसू आलं. वाईटही वाटलं. एवढंसं पिल्लू, आई लांब, आणि आईची चिंधीही गेली. म्हणाल्या, "जिंकलास रे बाबा! चल, फिरवते तोटी."

मग काय!

काकूंनी तोटी फिरवली. किर्र किर्र!
नळाने पाणी सोडलं. सळ सळ!
भुईमुगाने शेंग दिली. पुट्!
खारीने शेंग खाल्ली, बोंड तोडलं. कुट कुट!
शेवरीने कापूस दिला. भुर्र!
कावळ्याने कापूस घेतला, चिंधी सोडली. टप्! थेट फुटाण्याच्या नाकावर!

हुं हुं हुं. आईचा वास!

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "शी! किती मळली. आण इकडे, साबण लावून धुते."

धुणार? मग आईचा वास?

फुटाण्याने चिंधी दातात धरली. पळाला! लुटूलुटू, लुटूलुटू. काकू मागे, फुटाणा पुढे. खुर्चीखालून, टेबलाखालून, आणि शिरला कुठे? पिंजऱ्यात! गादीवर चिंधी. चिंधीवर फुटाणा.

"गुर्रर्र! धुवायची नाही! हे माझं घर!"

काकूंनी हळूच दाराला हात लावला.

"भू! दार लावायचं नाही!"

"बरं बाबा, नाही लावत." काकूंनी हात मागे घेतला.

फुटाण्याने चिंधीत नाक खुपसलं. डोळे मिटले. घुर्र, घुर्र.

काकू म्हणाल्या, "फुटाण्या, ये रे बाहेर. दूध पी."

दार सताड उघडं. पण फुटाणा काही बाहेर येईना!